स्वीडनचा डबा आणि चुन्याची डबी

खराडीत आम्ही राहतो त्या इमारतीच्या फाटकाशी रखवालदार मामा बसतात. त्यांच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची पत्र्याची डबी असते. तिसऱ्या मजल्यावर एक तरुण अभियंता राहतो. पुणे आणि स्वीडन यांचे नाते तसे जुने आहे. दापोडी-चिंचवडच्या पट्ट्यात स्वीडिश कंपन्यांचे कारखाने कित्येक दशकांपासून आहेत, आणि आता खराडीच्या संगणक कंपन्यांतूनही माणसे तिकडे जात-येत असतात. हा अभियंता वर्षातून दोनदा जातो आणि येताना बॅगेत चपटे गोल डबे भरून आणतो. ते त्याच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात राहतात. त्यांत ‘स्नूस’ असते, म्हणजे वरच्या ओठाखाली ठेवायची ओलसर स्वीडिश तंबाखू. हल्ली ती चहाच्या पुरचुंडीसारख्या कागदी पिशवीत भरलेली मिळते.

एकदा त्याने अशी एक पिशवी मामांना दिली. मामांनी ती उलटसुलट करून पाहिली, हुंगली आणि विचारले, “साहेब, यात चुना कुठंय?”

अभियंत्याला उत्तर आले नाही. त्याने तो प्रश्न आमच्याकडे पाठवला. प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर दहावीच्या रसायनशास्त्राच्या आवाक्यातले आहे, म्हणून हा लेख.

आधी त्या डब्याविषयी थोडे. स्नूस हा शब्द तपकिरीसाठीचा. नाकात ओढायच्या कोरड्या तपकिरीपासून ओठात ठेवायची ओली तंबाखू तयार झाली, आणि ‘एत्तान’ नावाचा तिचा एक प्रकार १८२२ पासून आजतागायत विकला जातो. गंमत अशी की गेली काही दशके स्नूस बनवणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीचे नाव ‘स्वीडिश मॅच’ आहे, आणि अंबरनाथच्या काडेपेट्यांच्या कारखान्यासाठी आपल्याला ठाऊक असलेली, १९२३ साली स्थापन झालेली ‘विम्को’ ही मुळात स्वीडनच्या त्याच काडेपेटी उद्योगाचे अपत्य.

स्नूससाठी सीमा ओलांडणारा हा अभियंता एकटा नाही. युरोपीय समुदायाने १९९२ साली तोंडात ठेवायच्या अशा तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली. १९९५ साली स्वीडन आणि फिनलंड एकदमच युरोपीय संघात आले. स्वीडनने स्नूसपुरती सवलत मागून घेतली, फिनलंडला ती मिळाली नाही. परिणामी फिनलंडमधील टोर्निओ गावाची माणसे नदीपलीकडच्या हापारांडा या स्वीडिश गावी जाऊन डबे भरून आणतात. नॉर्वे संघात नाही, तिथे स्नूस उघड विकली जाते, पण कर जबर असल्याने नॉर्वेची माणसेही गाड्या घेऊन स्वीडनच्या सीमेवरील दुकाने गाठतात. आपल्याकडे २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातल्यानंतर शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या मालमोटारी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आता थोडे गणित करू. एका डब्यात साधारण २४ ग्रॅम स्नूस असते. आमच्या अभियंत्याला एक डबा दोन दिवस पुरतो. सहा महिन्यांची बेगमी करायची तर ९० डबे लागतील, म्हणजे २,१६० ग्रॅम. २०१६ सालच्या प्रवासी-सामान नियमांत तंबाखूची शुल्कमुक्त मर्यादा ठरली ती १२५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाच डबे. दहा दिवसांचा शिधा! त्यापुढच्या मालावर शुल्क भरायचे किंवा तो आणायचाच नाही. एवढे करूनही माणूस डबे मोजत बसतो, याचे कारण निकोटिनच्या हिशेबात आहे. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते. आठ तासांच्या झोपेत ते चार वेळा निम्मे होऊन सोळाव्या हिश्शावर येते, म्हणून सकाळी उठल्याबरोबर हात फ्रिजकडे किंवा पुडीकडे जातो. घातांकी घट शिकवताना किरणोत्सारी मूलद्रव्याऐवजी हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

आता चुना. तंबाखूच्या पानात निकोटिन मोकळे नसते. ते स्वतः आम्लारिधर्मी आहे आणि पानातील मॅलिक, सायट्रिक यांसारख्या आम्लांशी संयोग पावून क्षाराच्या रूपात असते. क्षारातील निकोटिनच्या रेणूवर धन प्रभार असतो. आपल्या पेशींचे आवरण स्निग्ध पदार्थांचे असल्याने प्रभारित रेणू त्यातून सहज पार होत नाही. प्रभार नसलेला रेणू मात्र भराभर पार होतो. तेव्हा निकोटिन गालातून रक्तात जायचे असेल तर आधी ते क्षारातून सोडवले पाहिजे, आणि क्षारातून दुर्बल आम्लारी सोडवायची तर अधिक प्रबळ आम्लारी घालायची. मामांच्या डबीतील चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हेच काम करतो.

किती फरक पडतो? तंबाखूचा सामू ६ असेल तर शंभरातला जेमतेम एक रेणू मोकळा असतो. सामू ७ झाला की नऊ, ८ झाला की निम्मे, आणि ९ झाला की शंभरातले नव्वद. म्हणजे निकोटिन कणभरही न वाढवता, नुसत्या चिमूटभर चुन्याने त्याची धार कित्येक पट वाढते. तळहातावर अंगठ्याने मळणे, वरून थापट्या मारणे या साऱ्या विधीत हे रसायनशास्त्र मुरलेले आहे. पाठ्यपुस्तकांच्या कितीतरी आधी लोकांनी ते अनुभवाने शोधून काढले, याचे कौतुक वाटते आणि वाईटही.

स्वीडिश पिशवीत चुना नसतो. तिच्यात पाणी, मीठ आणि सोडियम कार्बोनेट असते. सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. त्यामुळे स्नूसचा सामू साधारण ८ ते ८.५ राहतो. मामांना आम्ही सांगितले, “मामा, चुना आतच आहे, फक्त कारखान्यात मळलाय.”

वर्गात हे दाखवण्यासाठी तंबाखू आणू नये, तिची गरजही नाही. परीक्षानळीत थोडा नवसागर घ्यावा, त्यात ओला चुना घालून हलवावे. नवसागराला स्वतःचा वास नाही, पण चुना पडताच अमोनियाचा उग्र दर्प येतो. नळी नाकाखाली न धरता हाताने वारा घेऊन वास घ्यावा आणि नळीच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरावा, तो निळा होईल. क्षारात अडकलेली आम्लारी चुन्याने मोकळी केली, हीच ती क्रिया. नवसागराच्या जागी निकोटिनचा क्षार आणि परीक्षानळीच्या जागी गाल, एवढाच फरक. हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी यांचे एकेक थेंब टाकले तर दोन्ही ठिपके लाल होतात. मामांची डबी आणि स्वीडनचा डबा यांचे नाते त्या दोन ठिपक्यांत दिसते.

इथवर दोघांत फरक नाही. फरक आहे तो पान खुडल्यानंतर त्याचे काय होते यात. हिरव्या पानात कर्करोगकारक नायट्रोसामाइने जवळजवळ नसतात. पानात नायट्रेट मात्र असते, जमिनीतून आलेले. पान वाळताना, मुरताना, दमट जागी पडून राहताना त्यावरचे जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. हे नायट्राइट निकोटिनशी आणि त्याच्या भाऊबंदांशी संयोग पावते आणि एनएनएन, एनएनके या नावांनी ओळखली जाणारी विषे तयार होतात. स्वीडनचे कारखाने दळलेली तंबाखू कित्येक तास तापवतात, दूध पाश्चरित करतो तसे. जिवाणू मेले की नायट्राइट होत नाही, आणि पुढची साखळी तुटते. आपली तंबाखू मात्र बहुधा मुरवूनच तयार होते.

मिनेसोटा विद्यापीठातील आणि मुंबईतील संशोधकांनी भारतात विकल्या जाणाऱ्या धूरविरहित तंबाखूचे नमुने तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खैनी, जर्दा अशा पदार्थांत एका ग्रॅममागे एनएनएन १.७४ पासून ७६.९ मायक्रोग्रॅमपर्यंत आढळले, एनएनके ०.०८ पासून २८.४ पर्यंत. आजच्या स्वीडिश स्नूसमध्ये या दोहोंची बेरीज एक मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. पान त्याच वनस्पतीचे, पण विषात काही नमुन्यांपुरता शंभर पटींचा फरक.

इथे चौकस विद्यार्थी मिश्रीचा प्रश्न काढेल, आणि काढायलाच हवा. मिश्री तर तव्यावर भाजतात, मग ती पाश्चरित झाली नाही का? जिवाणू मरतात हे खरे, पण तोवर उशीर झालेला असतो. वाळताना-मुरताना तयार झालेली नायट्रोसामाइने भाजल्याने नाहीशी होत नाहीत. शिवाय पान काळे होईपर्यंत करपवले की बेंझोपायरिनसारखी नवी कर्करोगकारक द्रव्ये तयार होतात. दात घासण्याच्या पावडरींत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ साली कायद्याने मनाई झाली, पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी बायकांचा दिवस अजून मिश्रीने सुरू होतो. गुटखा आणि मावा यांत तर सुपारी असते, आणि सुपारी स्वतंत्रपणे कर्करोगकारक आहे, तंबाखू असो वा नसो. तोंड उघडेनासे होण्याचा विकार सुपारीचाच. स्नूसमध्ये सुपारी नसते.

या सवयींचा अभ्यास पुणे जिल्ह्याला नवा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली होती आणि त्यावरचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. एक लाख तोंडे, गावोगाव हिंडून! आज आम्ही प्रयोगशाळेत बसून त्या आकड्यांचा हवाला देतो तेव्हा त्या कष्टांची आठवण ठेवतो.

एका शाळेत हे सारे सांगून झाल्यावर दहावीतल्या मुलीने विचारले, “सर, मग तीच तंबाखू इथे का विकू देत नाहीत?” प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. स्नूस आमच्या खैनीहून आणि सिगारेटहून पुष्कळच कमी घातक आहे, हे सत्य आहे आणि ते मुलांपासून लपवू नये, असे आमचे मत आहे. सुमारे २ लाख ८० हजार स्वीडिश बांधकाम कामगारांच्या अभ्यासात (२००७) स्नूसमुळे तोंडाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र त्यात वाढलेला दिसला. पुढे २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो संबंध आढळला नाही. गरोदरपणी स्नूस घेणाऱ्या बायकांत अपुऱ्या दिवसांची आणि मृत जन्मांची संख्या अधिक आढळली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली आठ प्रकारच्या स्नूसना ‘सिगारेटऐवजी वापरल्यास धोका कमी’ असे सांगण्याची परवानगी दिली.

मुद्दा ‘सिगारेटऐवजी’ या शब्दात आहे. स्वीडनच्या पुरुषांनी सिगारेट सोडून स्नूस धरली, आणि त्यांचा लाभ झाला तो धूर सुटल्याचा. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीनुसार धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्याकडे सुटायला धूर फारसा नाहीच. पुडीऐवजी डबा आला तर विष कमी होईल, हे खरे; पण दोन-तीन रुपयांची चिमूट आणि तो महागडा डबा यांतले कोणते गिऱ्हाईक बदलेल? बदलणार नाही ते मामांसारखे. नव्याने येईल ते सुगंधी पांढऱ्या पिशवीला भुललेले कॉलेजातले पोर. एक गोष्ट मात्र स्वीडनकडून खरोखर घेण्याजोगी आहे. तिथे १९७० च्या दशकापासून स्नूस अन्नविषयक कायद्याखाली तपासली जाऊ लागली. आपली २०१२ ची गुटखाबंदीही अन्नसुरक्षा कायद्याखालीच आली. एकाच जातीच्या कायद्याने त्यांनी पदार्थ मोजला, आपण गुटखा बंद केला, आणि बंदीबाहेर राहिलेल्या मामांच्या पुडीत एनएनएन किती आहे हे पुडीवर कुठेच लिहिलेले नसते. तिथे लिहिलेला असतो तो सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा दूरध्वनी क्रमांक, १८००-११-२३५६.

गेल्या उन्हाळ्यात अभियंत्याचा दौरा रद्द झाला. जपून वापरलेले डबेही मे महिन्यात संपले. एका संध्याकाळी आम्ही फाटकातून आत येत होतो, तेव्हा तो मामांच्या शेजारी लोखंडी खुर्चीवर बसला होता. मामांनी मळलेली चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “साहेब, जरा कमी घ्या, आमचा चुना कडक आहे.”