सह्याद्रीच्या कड्यावरील मोरघार

गरुड म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें विष्णूचें वाहन उभें राहतें. परंतु सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कडेकपारींत एक खराखुरा गरुड वावरतो. त्यास मराठींत मोरघार म्हणतात. शास्त्रज्ञ बोनेली या इटालियन पक्षिविद्यावेत्त्याच्या नांवानें तो ओळखतात. नांवांत घार असली तरी मोरघार गरुडच होय. तिची पाठ गडद तपकिरी, खांद्यांमध्यें पांढरा डाग, पोट पांढरें व त्यावर काळसर रेघा. पंख पसरले म्हणजे विस्तार सुमारें ५ फूट भरतो.

कड्याचे तिला दोन उपयोग. सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर सांचून झालेला. थर कमीअधिक झिजल्यानें कड्यांत आडव्या कपारी पडल्या. अशा कपारींत ही जोडी काटक्यांचें मोठें घरटें रचते व वर्षानुवर्षें तेंच डागडुजी करून वापरते. डिसेंबर ते एप्रिल हा विणीचा काळ. अंडीं बहुधा दोन. तीं उबण्यास सुमारें ४० दिवस आणि पिलांस उडण्यास आणखी दोन महिने लागतात. दुसरा उपयोग वाऱ्याचा. कड्यावर आदळलेला वारा वर चढतो. त्यावर पंख न हलवितां तरंगत ती पठारावरील ससे, तितर, पारवे, सरडे हेरते.

हाच वारा माणसासही हवा आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तेथील संशोधनाचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. चक्क्यांच्या भागांत एकंदर शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनें कमी आढळले. उलट त्यांचें भक्ष्य असलेले, गळ्याशीं पंख्यासारखी झालर मिरविणारे सरडे तेथें फार वाढले. इतकेंच नव्हे, तर निर्धास्त झाले, माणूस अगदीं जवळ येईपर्यंत पळेनात. वरचा शिकारी दूर झाला कीं खालची मांडणी अशी बदलते.

कोळसा न जाळतां मिळणारी वीज आपणांस हवीच. प्रश्न चक्की असावी कीं नसावी हा नसून, ती कोठें असावी हा आहे. कड्याची धार आणि घरट्यांच्या जागा आधीं पाहून मग चक्क्या उभारल्या, तर दोघांचेंही भागेल.

आपण हिंवाळ्यांत गडावर सहलीस जातों, त्याच दिवसांत कपारींत अंडीं असतात. घरटें दिसल्यास गोंगाट न करतां दूर व्हावें. कोल्ह्यापासून कडा तिला राखतो. आपल्यापासून राखण्याचें काम आपलेंच आहे.