जाळीच्या कुंड्यांतील कंदफुले

निशिगंध, ग्लॅडिओलस, लिली इत्यादी फुलझाडे बियांपासून न वाढविता कंदांपासून वाढवितात, हे सर्वांस ठाऊक आहेच. या पिकात फूल हे उत्पन्न होय, परंतु कंद हे भांडवल होय. एका हंगामाची फुले हातची गेली तर पुढील हंगामाची आशा राहते. कंद कुजले वा उंदरांनी नेले तर पुन्हा बेणे विकत घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. थोड्या जागेत फुले लावून आठवड्याच्या बाजाराचा खर्च भागविणाऱ्या कुटुंबास हा फटका जड जातो. काळ्या भारी जमिनीच्या एका गावी परसात निशिगंध लावणाऱ्या एक वृद्ध शेतकरी बाई प्रस्तुत लेखकास म्हणाल्या, "साहेब, फुलांचं काही नाही हो, पण गड्डेच गेले. आता लावू काय?" त्यांच्या वाफ्यात दोन पावसाळे पाणी साचले होते, आणि जे कंद पाण्यातून वाचले होते ते घुशींनी संपविले होते. अशा ठिकाणी कंद जाळीच्या कुंडीत लावण्याची रीत विचारात घेण्याजोगी आहे.

ही रीत नवी नव्हे. इंग्लंड, हॉलंड इत्यादी थंड देशांत ट्यूलिपचे कंद जाळीदार टोपलीत लावून ती टोपली वाफ्यात पुरतात. फुले संपली म्हणजे पानांसकट टोपली उपटून बागेच्या एका कडेला ठेवतात आणि मोकळ्या जागेत दुसरी रोपे लावतात. तेथेही कंद उकरून खाणारे उंदीर व खारी आहेत, आणि त्यांच्यापासून बचाव हाही जाळीचा एक हेतू असतो. ट्यूलिपला कडक थंडी लागते. म्हणून आपल्या देशात ते श्रीनगरच्या बागेत बहरते. आपल्याकडील सपाट प्रदेशात त्याचा नाद करू नये. पण जाळीची युक्ती मात्र आपल्या निशिगंधास पुरेपूर लागू पडते.

जाळीने होते काय, ते नीट समजून घ्यावे. मातीच्या वा पत्र्याच्या कुंडीत मुळे भिंतीस टेकली की तिच्या कडेने गोल फिरू लागतात, आणि तळाचे एकुलते एक छिद्र बुजले की मुसळधार पावसात कुंडीचे डबके होते. जाळीच्या कुंडीस चहूबाजूंनी वाट असते. ती जमिनीवर ठेवली तर मुळाचे टोक जाळीपाशी येऊन हवेने सुकते व मागील बाजूस नव्या बारीक मुळ्या फुटतात. ती जमिनीत पुरली तर मुळे जाळीतून बाहेरच्या मातीत जातात व तेथील ओल आणि अन्न घेतात. जमिनीवरील जाळीची कुंडी फार लवकर वाळते. वैशाखाच्या उन्हात तिला रोज पाणी द्यावे लागेल. म्हणून आपल्याकडे ती पुरून ठेवणेच सोयीचे.

परंतु येथे एक धोका आहे, आणि त्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. भारी काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरलेली टोपली ठेवली, तर आजूबाजूचे सारे पाणी त्या खड्ड्यात उतरते. चिकण मातीतून ते खाली मुरत नाही, जाळीतून मात्र सुखाने आत येते. परिणामी कंद पूर्वीपेक्षाही लवकर कुजतात. तेव्हा अशा जमिनीत टोपली खड्ड्यात न ठेवता गादीवाफ्यात बसवावी. वाफा एक वीत उंच करावा, टोपलीचा तळ मूळ जमिनीच्या पातळीवर राहील असे पाहावे आणि वाफ्याच्या कडेने चर काढून पाण्यास वाट द्यावी. कोकणातील निचऱ्याच्या जांभ्या जमिनीत एवढा खटाटोप नको. परंतु तेथेही पाऊस धो धो पडत असल्याने उताराची बाजू निवडावी हे बरे.

टोपली कशाची असावी? बुरुडाने विणलेली बांबूची टोपली स्वस्त व हलकी असते, परंतु मातीत ती एक-दोन हंगामांपलीकडे टिकत नाही. वाळवी असल्यास तितकेही नाही. टोमॅटो बाजारात नेण्याच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार क्रेटपैकी एखादे तडकलेले असेल तर ते या कामी उत्तम. मात्र उंदीर बांबू कुरतडतो आणि प्लॅस्टिकही कुरतडतो. जेथे उंदीर-घुशींचा खरा उपद्रव आहे तेथे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची, अर्ध्या इंचाच्या घराची जाळी घेऊन तिचाच डबा वळावा, किंवा क्रेटला ती आतून लावावी. तारेची कापलेली टोके आत दुमडावीत, नाहीतर हात फाटतो. डब्याची कड जमिनीच्या वर तीन-चार बोटे राहू द्यावी आणि कोंब वर येईपर्यंत तोंडावरही जाळीचा तुकडा बांधावा. कारण उंदीर बाजूने आला नाही तर वरून येतो. कोंब दिसताच हा तुकडा काढणे विसरू नये. साळिंदरासही कंद फार प्रिय आहेत, व त्याविरुद्ध ही जाळी बरीच उपयोगी पडते. रानडुकराचा बंदोबस्त मात्र तिच्याने होणार नाही. त्याला कुंपणच हवे.

आतून गोणपाटाचे अस्तर द्यावे, म्हणजे माती गळत नाही. गोणपाट पुढे कुजते, पण तोवर मुळांनी माती धरून ठेवलेली असते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करून त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. शेणखत अर्धे कच्चे असल्यास ते घालूच नये.

निशिगंधाची लागवड एप्रिल-मे महिन्यांत करावी. कंद निरोगी, टणक व २० ते ३० ग्रॅम वजनाचे निवडावेत. क्रेटमध्ये आठ कंद पुरेत. ते पाच-सहा सेंटिमीटर खोल, टोक वर करून लावावेत. सुमारे तीन-चार महिन्यांत दांडे येऊ लागतात. हाराकरिता सुटी फुले विकावयाची असल्यास एकेरी जात घ्यावी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'प्रज्वल' व महात्मा फुले कृषि विद्यापीठाची 'फुले रजनी' या त्यांपैकी होत. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो. त्यानंतर त्याच्या भोवती पिल्ले धरतात व पुढील फुले ती पिल्ले देतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षापर्यंत क्रेटमध्ये इतकी दाटी होते की दांडे आखूड पडू लागतात. त्या वेळी पाने पिवळी पडताच पाणी तोडावे, क्रेट पालथे घालावे आणि गड्डे मोकळे करावेत. वाफ्यात कुदळीने खणताना कित्येक कंद चिरले जातात व चिरलेला कंद साठवणीत कुजतो. येथे तो प्रश्नच राहत नाही. मोठे कंद सावलीत सुकवून महिना-दीड महिना विश्रांतीनंतर लावावेत; लहान पिल्ले वेगळ्या वाफ्यात वर्षभर पोसावीत.

ग्लॅडिओलसची गोष्ट थोडी निराळी आहे. तो पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात. दांडा कापताना झाडावर चार-पाच पाने राखावीत, कारण नवा कंद याच पानांच्या जोरावर भरतो. फुलांनंतर दीड-दोन महिने जागा अशी अडकून पडते, आणि उन्हाळी भाजीला तर तीच जागा हवी असते. टोपलीत लावलेले असल्यास आदल्या दिवशी भरपूर पाणी द्यावे, खुरप्याने भोवतालची मुळे कापून टोपली उचलावी आणि झाडाच्या विरळ सावलीत नेऊन पाने पिवळी होईपर्यंत पाणी देत राहावे. मुळे तुटल्याने कंद किंचित लहान राहतो, हे खरे. वाफा वेळेवर मोकळा होण्याचा लाभ त्याहून मोठा आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. काढलेल्या कंदांना शीतगृहात ४ ते ५ अंश सेल्सिअस तपमानात सुमारे तीन महिने ठेवावे लागते, तेव्हाच ते एकसारखे उगवतात. एकट्याने थोडे कंद पाठविणे परवडत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील चार-पाच जणांचे कंद एकत्र करून पाठवावेत.

उचलावयाची टोपली मात्र लहान घ्यावी. ओल्या मातीने भरलेले मोठे क्रेट ५० किलोच्या वर जाते व ते दोन गड्यांनाही अवघड होते. एक वीतभर व्यासाची, तितक्याच खोलीची टोपली चार-पाच कंदांस पुरते व ती एकट्या बाईमाणसासही हलविता येते.

एकरभर निशिगंध अशा कुंड्यांत लावण्याचा विचार कोणी करू नये. त्यात जाळीचा खर्चच निघणार नाही. परसातील वीस-पंचवीस क्रेट, किंवा मोठ्या लागवडीच्या बेण्याचा राखीव साठा, एवढ्यापुरतीच ही रीत योग्य होय. साठा लहान असला तरी दर क्रेटवर जातीचे नाव व लागवडीची तारीख लिहिलेली पत्र्याची चकती बांधावी, कारण पाने गेल्यावर एकेरी आणि दुहेरी निशिगंधाचे कंद डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.