वर तरंगायचे की खाली उतरायचे?

अंदमानला निघालेल्या मराठी कुटुंबाचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडणे आणि संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप. तिथल्या वाळूला पाय लागतात न लागतात तोच प्रश्न उभा राहतो. स्कूबा करायचे की स्नॉर्केलिंग? ‘एवढ्या लांब आलोय तर स्कूबाच करू,’ असे घरातला एकजण म्हणतो. दुसरा मनातल्या मनात पैशांचा हिशेब मांडतो. आजी विचारते, ‘बुडणार तर नाही ना रे कोणी?’ खरे तर आजीचाच प्रश्न सगळ्यांत शहाणा असतो.

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, तोंडात वाकडी नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत खालचे जग पाहणे. नळीचे वरचे तोंड हवेत असते, म्हणून मान वर न काढता श्वास घेता येतो. मग नळीच लांब केली तर आणखी खोल जाता येणार नाही का? मुले हे हमखास विचारतात. नाही जाता येणार. मीटरभर खोलीवरही पाणी छातीला असे दाबते, की वरची साधी हवा ओढून घेणे स्नायूंना झेपत नाही. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली हवा पुन्हा आत येते.

ही अडचण सोडवली ती फ्रान्समधल्या दोघांनी. १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी असे उपकरण बनवले, की माणूस ज्या खोलीवर असेल तिथल्या दाबाची हवा त्याला श्वासागणिक मिळते. स्कूबाचे मर्म तेवढेच. पाठीवरच्या टाकीला आपण सर्रास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतो, पण हौशी पर्यटकांच्या टाकीत बहुधा आपली रोजची हवाच दाबून भरलेली असते.

मात्र या दाबाच्या हवेबरोबर एक कडक नियम येतो. समुद्रात दहा मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून कोणी वर आला, तर छातीतली हवा फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. फुगलेले हे फुप्फुस इजा व्हायला दहा मीटरही लागत नाहीत, दीड-दोन मीटर पुरतात. म्हणून स्कूबाचा पहिला धडा असतो : श्वास कधीही रोखायचा नाही. स्नॉर्केल करणाऱ्याने वरची हवा घेऊन बुडी मारली, तर ती हवा खाली आकसते आणि वर आल्यावर मूळची होते. त्याला हा धोका नाही.

हे सारे आम्हाला कळले ते एका कागदामुळे. पाण्यात उतरण्याआधी एक आरोग्याचा फॉर्म भरून द्यावा लागतो. दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, मधुमेह असे प्रश्न, आणि समोर ‘हो’ किंवा ‘नाही’. आमच्या ह्यांना लहानपणापासून दमा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पंप खिशात असायचा. पण पैसे भरून झाले होते, लेक सोळाची आणि उत्साहाने नुसती उसळत होती. ह्यांचे पेन ‘नाही’कडे वळले. लेकीने ते पाहिले आणि हळूच म्हणाली, ‘बाबा, खरं लिहा ना.’

त्यांनी खरे लिहिले. प्रशिक्षकाने कागद वाचला आणि शांतपणे सांगितले, ‘डॉक्टरांच्या पत्राशिवाय मी तुम्हाला नेणार नाही.’ कारणही समजावले. दम्यात श्वासनलिका आवळल्या, की फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकते. माणसाने श्वास रोखलेला नसतो, पण तो कोपरा मात्र रोखून बसलेला असतो. वर येताना तोच फुगतो. ह्यांचा चेहरा पडला. माझ्या मात्र पोटात गोळा आला, तो त्या न केलेल्या ‘नाही’च्या खुणेच्या विचाराने.

लेक प्रशिक्षकाबरोबर खाली गेली. या पहिल्या अनुभवाला पोहता येण्याची अट नसते. प्रशिक्षक बरोबर राहतो आणि खोली बारा मीटरांच्या आत ठेवतात. वय मात्र किमान दहा लागते, त्यामुळे आमचा नऊ वर्षांचा चिरंजीव आपोआप बाबांच्या गटात आला. स्वतंत्रपणे पाणबुडी मारायची असेल, तर तीन-चार दिवसांचा रीतसर अभ्यासक्रम असतो. त्यात पोहण्याची परीक्षा द्यावी लागते आणि अठरा मीटरांपर्यंतचा परवाना मिळतो.

संध्याकाळी दोन्ही गटांनी आपापली बाजू मांडली. लेकीने समुद्राच्या मजल्यावर बसून माशांचा थवा डोक्यावरून जाताना पाहिला होता. ती शांतता वरून मिळत नाही. पण रंगांच्या बाबतीत बाप-लेक जिंकले. पाणी लाल रंग सर्वांत आधी गिळते. जरा खोल गेले की लाल वस्तू करडी-तपकिरी दिसू लागते. कमरेएवढ्या, पुरुषभर पाण्यातले प्रवाळ आणि मासे भर उन्हात असतात, आणि ते स्नॉर्केल करणाऱ्याच्या वाट्याला येतात. रबरी रिंगण धरून दहा मिनिटे पाण्यात तोंड घातलेल्या सासूबाईंनी तर मासे मोजायला सुरुवात केली होती.

म्हणून स्नॉर्केलिंग म्हणजे पोरखेळ, असेही नव्हे. तिथे बहुधा हात धरणारा प्रशिक्षक नसतो. प्रवाह कधी दूर नेतो ते पालथ्या माणसाला कळत नाही. लाइफ जॅकेट, सोबती आणि स्थानिक माणसाचा सल्ला हवाच. उघडी पाठ उन्हात भाजून निघते, तेव्हा बाह्यांचा सदरा घालावा. मगरीच्या इशाऱ्याची पाटी दिसली तर हुज्जत नको. २०१० साली हॅवलॉकलाच स्नॉर्केल करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला. आणि दमले म्हणून प्रवाळांवर उभे राहू नये. ते दगड नव्हेत, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. १९९८ आणि २०१० साली पाणी तापून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. त्यांना आपल्या पायांचे ओझे नको.

स्कूबा करणाऱ्यांनी आणखी एक हिशेब घरूनच करून निघावे, तो परतीच्या विमानाचा. दाबाच्या हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, घाई केली तर त्याचे बुडबुडे होतात. एकच बुडी असेल तर किमान बारा तास आणि जास्त असतील तर अठरा तास थांबावे, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे स्कूबा सहलीच्या सुरुवातीला, शेवटचा दिवस कोरडा. सर्दी असेल तर बुडीच नको. बंद नाकाने कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडद्याला इजा होते.

अंदमान लांब वाटत असेल, तर आपले मालवण आहेच. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात दोन्ही प्रकार चालतात, आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. पाणी अंदमानइतके नितळ नसते आणि पावसाळ्यात सारे बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

आता कोणी विचारले, ‘दोन्हींतले काय करावे?’ तर आम्ही उलट विचारतो, ‘फॉर्म भरलात का?’ तो तिकिटे काढण्याआधीच, घरच्या टेबलावर सगळ्यांनी मिळून भरावा. जिथे ‘हो’ येईल तिथे आधी डॉक्टरांना भेटावे. ह्यांनी परतल्यावर छातीच्या डॉक्टरांकडे तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरांनी मान हलवली, ती नकाराची. त्याच संध्याकाळी बाप-लेक बाजारात जाऊन स्वतःचे दोन मुखवटे आणि दोन नळ्या घेऊन आले. मे महिन्यात मालवण ठरले आहे.