मालाच्या लिफ्टमधला नाताळ

लोअर परळच्या जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दोन लिफ्ट असतात. एक माणसांची, ती बहुधा बंद. दुसरी मालाची. चॅनल गेट हाताने ओढायचं, आत पत्र्याची जमीन, भिंतींवर ट्रॉल्यांचे ओरखडे. गेट उघडलं की प्रत्येक मजल्यावर तोच बोळ आणि तेच गाळे. आपण चौथ्यावर आहोत की पाचव्यावर, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. श्रीराम राघवन यांच्या ‘मेरी ख्रिसमस’चं मूळ नेमकं या गोंधळात आहे.

कतरिना कैफ आणि विजय सेतुपती यांचा हा चित्रपट 12 जानेवारी 2024 रोजी आला, म्हणजे नाताळचे कंदील उतरल्यावर. मूळ कथा फ्रेदेरिक दार या फ्रेंच लेखकाची. त्याच्या 1961च्या कादंबरीचं नावच ‘मालाची लिफ्ट’ असं आहे. 1962मध्ये मार्सेल ब्लुवाल याने तिच्यावर फ्रेंच चित्रपटही केला. (ज्यांनी ‘मेरी ख्रिसमस’ पाहिलेला नाही, त्यांनी पुढचा परिच्छेद खुशाल गाळावा.)

कादंबरीत तुरुंगातून सुटलेला आल्बेर नाताळच्या आदल्या संध्याकाळी झाडाला लावायचा एक छोटा चंदेरी पिंजरा विकत घेतो. हॉटेलात लहान मुलीला घेऊन आलेली एक बाई त्याला भेटते. तिच्या नवऱ्याचा बाइंडिंगचा कारखाना, घर त्याच इमारतीत, वर जायला मालाची लिफ्ट. खोलीतल्या झाडावर आल्बेर पिंजरा टांगतो. पुढे प्रेत दिसतं, आणि सगळं कोडं सुटतं ते दोन मजल्यांवर सारख्याच मांडलेल्या खोल्यांपाशी. बाइंडिंगचा कारखाना आणि मालाची लिफ्ट! हे पॅरिसच्या एका उपनगरात घडतं म्हणून, नाहीतर आमच्या डिलाईल रोडच्या कुठल्याही गल्लीत बेमालूम खपलं असतं.

राघवन मात्र ही गोष्ट इकडे आणत नाहीत. शहराला ‘बॉम्बे’ म्हणत होते त्या काळातला त्यांचा नाताळ रमतो तो कुलाब्याकडे, रीगल सिनेमात. रीगल 1933चं, वातानुकूलित थिएटरांतलं देशातलं अगदी सुरुवातीचं. त्याची निवड चोख आहे. पण 18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर धूर थांबलेली एखादी चिमणी कुठेतरी दिसायला हवी होती, असं गिरणगावातल्या माणसाला वाटणारच. आज फिनिक्स मिलच्या जागेत मॉल आहे, डिसेंबरात तिथे झगमगाट असतो आणि फोटोसाठी रांगा लागतात.

परदेशी नाताळपटांतल्या गमतीजमती बऱ्याचदा नुसत्या सांगण्यापुरत्या असतात. ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’च्या सुरुवातीला हीथ्रो विमानतळावर गळाभेटी घेणारी माणसं खरीखुरी प्रवासी आहेत, हे कळलं तरी कथेत काही हलत नाही. बिली वाइल्डरच्या ‘द अपार्टमेंट’ची (1960) तऱ्हा वेगळी. ऑफिस अफाट दिसावं म्हणून कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्रॉनरने मागच्या रांगांत लहान टेबलं मांडली आणि त्याहून मागे मुलांना सूट घालून बसवलं. तिथे युक्तीच कथेचं काम करते: नायक त्या गर्दीत किती क्षुल्लक आहे, हे एकही संवाद न बोलता कळतं.

राघवन याच पंथाचे. पहिल्याच दृश्यात पडदा दुभागून दोन मिक्सर फिरतात. एकात चटणीची पूड, दुसऱ्यात गोळ्या. पहिल्यांदा पाहणारा हसतो आणि विसरतो. शेवट पाहून परत सुरुवातीला आलं की दुसऱ्या मिक्सरवरून नजर हटत नाही. चित्रपट अर्पण केलाय शक्ती सामंतांना, म्हणजे ‘हावडा ब्रिज’ आणि ‘आराधना’ एकाच हाताने करणाऱ्याला. प्रेम आणि खून एका ताटात वाढायचं ठरवलं, तर नमस्कार तिथेच करायला हवा.

मराठी प्रेक्षकासाठी आणखी एक खूण. अश्विनी काळसेकर ‘जॉनी गद्दार’ आणि ‘अंधाधुन’नंतर इथेही आहेत, पोलीस ठाण्यात. राधिका आपटे ‘बदलापूर’, ‘अंधाधुन’ करून इथे जेमतेम काही क्षण येतात, पण नायकाचा सगळा भूतकाळ त्यांच्याभोवती आहे. चित्रपट हिंदी आणि तमिळ, दोन्ही भाषांत स्वतंत्र चित्रित झाला. तमिळमध्ये काळसेकरांच्या जागी राधिका शरतकुमार आहेत. नायक-नायिका तेच, ठाण्यातली माणसं निराळी. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ पाहिल्या तर तेच ठाणं पुन्हा उभं राहतं, आणि दाराआड बसलेली माणसं मात्र बदललेली असतात. फ्रेदेरिक दारची युक्ती इथे राघवन यांनी प्रेक्षकावरच केली आहे, मग ती ठरवून असो वा नसो.