तेलाचा डबा, लोखंडी तार आणि गिटार

बचत, बँकेचे हप्ते, शेळीपालन यांवर आपण नेहमीच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. घरातल्या जुन्या वस्तूंपासून इलेक्ट्रिक गिटार कशी होते, ते बघू या. ‘आम्हाला काय करायचंय गिटार?’ असं कुणाच्या मनात आलं असेल, तर थोडं थांबा. यात लाकूड आहे, पत्रा आहे, वीज आहे आणि आपल्या शिवणाच्या डब्यातलं सामानसुद्धा आहे.

हा विषय निघाला तो आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत. एका ताईंनी मुलीला गिटार घ्यायची म्हणून अंतर्गत कर्ज मागितलं. दोघीतिघी हसल्या. “चार दिवस वाजवेल आणि माळ्यावर टाकेल,” असं एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, “मुलाला मोबाइल घ्यायला कर्ज दिलं, तेव्हा कुणी असं विचारलं नाही.” दोघींच्याही बोलण्यात तथ्य होतं. मुलीची हौस खरी आहे का, हे हजारो रुपये घालण्याआधी कळायला हवं. पण ते कळण्याची संधीही तिला मिळायला हवी. या पेचातून एक वाट निघते, ती म्हणजे पहिलं वाद्य घरी बनवायची.

आधी इलेक्ट्रिक गिटार वाजते कशी, ते समजून घेऊ. साध्या गिटारीला पोकळ पेटी लागते. वीणेच्या भोपळ्यासारखं तिचं काम असतं, त्या पोकळीत आवाज घुमतो. इलेक्ट्रिक गिटारीत हे काम लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं करतं. केसासारख्या बारीक तारेचे हजारो फेरे चुंबकाभोवती गुंडाळलेले असतात. वरची लोखंडी तार छेडली की ती थरथरते, चुंबकाचा प्रभाव कमीजास्त होतो आणि वेटोळ्यात अगदी थोडी वीज तयार होते. सायकलच्या डायनामोचं तत्त्व हेच आहे. ही वीज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते, मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज येतो.

म्हणजे आवाज मुख्यतः तार आणि वेटोळं यांच्यातून येतो. मग अंग कशाचंही चालतं. फळी चालते, जुन्या टेबलाचं लाकूड चालतं, पत्र्याचा डबाही चालतो. मात्र चुंबकाचं वेटोळं वापरायचं असेल तर तार पोलादी हवी. नायलॉनची तार चुंबकाला कळतच नाही.

आता एक खरी गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये 1963 साली ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाला गिटार हवी होती. चांगली गिटार विकत घेणं घराला परवडणारं नव्हतं. त्याचे वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते. दोघांनी मिळून घरीच गिटार करायला घेतली. मान केली ती एका जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून. त्या लाकडाला वाळवीसारख्या किडीची भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचं ओक लाकूड वापरलं. स्प्रिंगा घेतल्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातल्या. मानेवर खुणेसाठी जे पांढरे ठिपके असतात, ते त्याच्या आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे आहेत. तारा हलवायच्या दांड्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक बसवलं. हे सगळं जवळपास दोन वर्षं चाललं आणि खर्च आला सुमारे आठ पौंड.

त्यांनी चुंबकाची वेटोळीसुद्धा आधी घरीच गुंडाळली होती. पण त्यांचा आवाज मनासारखा येईना, तेव्हा ती तयार विकत घेतली. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सगळं घरीच करायचा हट्ट नको. जे जमतं ते करावं, जे जमत नाही तेवढंच विकत आणावं.

हाच मुलगा पुढे ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध बँडचा गिटारवादक झाला. 2002 साली लंडनमध्ये राणीच्या राजवाड्याच्या छतावर उभं राहून त्याने हीच घरगुती गिटार वाजवली. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बलसारा, एका पारशी घरातला. तो लहानपणी आपल्या पाचगणीच्या वसतिगृहात राहून शिकला होता.

गरिबीतून वाद्य जन्माला येणं काही नवीन नाही. अमेरिकेत मिसिसिपी भागात कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांतली मुलं झाडूला गुंडाळलेली तार सोडवायची. घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ती ताणायची, खाली बाटली अडकवायची आणि वाजवायची. कुणी सिगारेच्या रिकाम्या खोक्याला काठी लावून गिटार करायचं. आपलं तुणतुणं आठवा. एक पोकळ नळकांडं, एक काठी, एक खुंटी, एक तार. त्यावर पोवाडे उभे राहिले, गोंधळ रंगले.

आणि हे काम बायकांचं नाही, असं कुणी म्हणालं तर त्यांना दोन गोष्टी सांगा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या कारखान्यात गिटारी घडवल्या त्या मुख्यतः स्त्रियांनी. फेंडर कंपनीत अ‍ॅबिगेल इबारा 1956 साली कामाला लागल्या आणि चुंबकावर तार गुंडाळत त्यांनी पुढची कित्येक दशकं काढली. त्यांनी गुंडाळलेल्या वेटोळ्यांसाठी मोठमोठे वादक आजही जास्त पैसे मोजतात.

आता एका तारेची गिटार कशी करायची ते सांगते. कागद-पेन घ्या.

बिस्किटाचा किंवा तेलाचा साधारण 20 सेंटिमीटर लांबीचा, झाकणाचा चौकोनी डबा घ्या. 90 सेंटिमीटर लांब, 4 सेंटिमीटर रुंद आणि 2 सेंटिमीटर जाड अशी सरळ, गाठी नसलेली लाकडी पट्टी घ्या. डब्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना, झाकणाच्या जरा खाली, पट्टी जाईल एवढी खाच करा आणि पट्टी आरपार घाला. एका बाजूने ती 4 सेंटिमीटर बाहेर राहू द्या. झाकण पट्टीला टेकता कामा नये, त्याला थरथरायला जागा हवी. पट्टी आरपारच का, तर तारेचा सगळा ताण लाकडाने घ्यायचा असतो, पत्र्याने नाही. गिटारीच्या सहा तारांचा मिळून ताण 45 किलोच्या आसपास जातो, म्हणजे जवळपास सिमेंटचं पोतं. एका तारेचासुद्धा सात-आठ किलो असतो. नुसत्या पत्र्याला तार बांधली तर डबा चेपतो.

तार गिटारीचीच आणा, सुटी मिळते. तिचं एक टोक पट्टीच्या बाहेर आलेल्या छोट्या टोकाला स्क्रूने अडकवा. दुसरं टोक लांब बाजूला, नट फिरवून घट्ट होणाऱ्या कडीच्या बोल्टला बांधा. ही झाली खुंटी. झाकणावर तारेखाली एक जाड बोल्ट आडवा ठेवा, ही घोडी. तिच्यापासून बरोबर 60 सेंटिमीटरवर, पट्टीवर दुसरा बोल्ट ठेवा.

आवाजासाठी वेटोळ्याऐवजी एक सोपी वस्तू मिळते. तिला पिझो चकती म्हणतात. आपल्या गॅसच्या खटक्याच्या लायटरमध्ये दाबल्यावर ठिणगी पडते ना, तेच हे तत्त्व. दाब किंवा धक्का बसला की वीज तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ही चकती अगदी स्वस्तात मिळते. ती झाकणाला आतून, घोडीजवळ चिकटवा. तिच्या दोन वायरी गिटारच्या पिनेच्या सॉकेटला जोडा. हे जोडकाम गावातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलं तरी चालेल. भजनी मंडळाकडे चार्जिंगचा माइकवाला स्पीकर असतोच, त्यात पिन घाला.

आता सूर शोधायचे. शिवणाची टेप घ्या आणि वरच्या बोल्टापासून मोजून पट्टीवर पेनाने खुणा करा. मोकळी तार म्हणजे सा. मग रे 6.7 सेंटिमीटरवर, ग 12, म 15, प 20, ध 24, नी 28 आणि वरचा सा बरोबर मध्यावर, 30 सेंटिमीटरवर. काचेची छोटी जाड बाटली तारेवर त्या खुणेशी हलकेच टेकवायची आणि दुसऱ्या हाताने तार छेडायची. ज्यांना हार्मोनियमचे सूर माहीत आहेत, त्यांना हे लगेच ओळखू येतं.

काळजी मात्र घ्या. पत्र्याच्या कडा कानशीने घासा आणि आत वळवा. तार ताणताना तोंड बाजूला ठेवा, तुटली तर डोळ्याला लागते. सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीतल्या विजेची वायर गिटारीला कधीही जोडायची नाही. गिटार स्वतः नगण्य वीज तयार करते, तिला बाहेरून वीज लागत नाही. धोका असतो तो विजेवर चालणाऱ्या जुन्या, उघड्या वायरीच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. म्हणून चार्जिंगचा स्पीकर वापरा आणि तो चार्जिंगला लावलेला असताना वाजवू नका.

ही गिटार दुकानातल्या सहा तारांच्या गिटारीची बरोबरी करणार नाही. आवाज थोडा पत्र्यासारखा येतो. पण यावर दोन-तीन महिने रोज बसणाऱ्या मुलीला संगीताची ओढ आहे की नाही, ते तिच्या आईला दिसतं आणि गटालाही दिसतं. मग कर्जाचा निर्णय हसण्यावारी जात नाही, विचारपूर्वक होतो. शिवाय करवत, कानस, ड्रिल मशीन ही हत्यारं गटाने एकदा घेतली, तर ती खुर्ची-दार दुरुस्तीलाही कामी येतात. ती मुलींच्या हातात पडू द्या. लाकूड मोजून कापणं आणि नट आवळणं ज्या हातांना येतं, ते हात पुढे कुठल्याही यंत्राला घाबरत नाहीत.

तुमच्या गटात कुणी असं वाद्य बनवलं, तर पुढच्या बैठकीत ते घेऊन या. सह्या आणि बचत गोळा झाली की पाच मिनिटं ते वाजवू द्या.