मोड, उसळ आणि पचन

कडधान्य म्हणजे शेंगवर्गातल्या पिकाचे टरफलासकट वाळवलेले अख्खे बी. तेच भरडून टरफल काढले की डाळ होते. मोड येतात ते कडधान्याला. डाळीला येत नाहीत, कारण भरडताना दोन दलांच्या मधला अंकुर निखळून जातो. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात मूग, मटकी, चवळी, हरभरा, मसूर, कडवे वाल आणि कुळीथ (देशावरचा हुलगा) ही कडधान्ये मोड आणून शिजवण्याची जुनी रीत आहे.

मोड आणल्यावर कडधान्यातले प्रथिन दुप्पट होते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. १०० ग्रॅम कोरड्या मुगात २२ ते २४ ग्रॅम प्रथिन असते. भिजून मोड आले की त्याच मुगाचे वजन २०० ग्रॅमच्या वर जाते, पण वाढलेला भाग पाण्याचा असतो. प्रथिन होते तेवढेच राहते. उलट वजन करून पाहिले तर मोड आलेल्या १०० ग्रॅम मुगात ते ढोबळमानाने १० ग्रॅमच भरते. मोड आणण्याचा खरा फायदा आहे तो पचनाच्या बाजूने.

कोरड्या बियात पुढच्या रोपाची शिदोरी बांधलेली असते: पिष्ट, प्रथिने आणि फॉस्फरसचा साठा असलेले फायटिक आम्ल. हे आम्ल लोह आणि जस्ताला धरून ठेवते, त्यामुळे ती खनिजे अंगी लागत नाहीत. कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा काही शर्कराही असतात. त्या पचवणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. हरभऱ्याला किंवा वालाला ‘वातुळ’ म्हणतात ते यामुळेच. बी पाण्याने फुगले की त्याची स्वतःची विकरे जागी होतात. ती या शर्करा मोडू लागतात, फायटिक आम्लही काही अंशी कमी करतात. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्वही अंकुर फुटताना तयार होते. उष्णतेने ते बरेच नाहीसे होत असल्याने उसळ उगाच तासभर रटरटत ठेवू नये.

मोड आणायला कौशल्य फारसे लागत नाही, पण हवा आणि पाणी यांचे भान लागते. निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुतलेले कडधान्य तिप्पट पाण्यात आठ-दहा तास भिजवावे. ते पाणी ओतून टाकावे, कारण वायू करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्यातच उतरलेला असतो. मग कडधान्य चाळणीत उपसून पूर्ण निथळू द्यावे आणि ओलसर सुती फडक्यात बांधावे. रुजणारे बी श्वास घेते आणि उष्णता सोडते. सकाळी पुरचुंडी हातात घेतली तर ती कोमट लागते. म्हणूनच घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडलेले कडधान्य आंबूस वास मारते. मूग-मटकीला उन्हाळ्यात रात्रभरात मोड फुटतात, थंडीत दीड दिवसही लागतो. थंडीत पुरचुंडी शेगडीजवळ किंवा पिठाच्या डब्यात ठेवतात. कुळीथ आणि वालाला मोड सावकाश येतात. मोड अर्धा-पाऊण सेंटीमीटर झाले की पुरे. फार लांबले की दाण्याची चव पातळ होते.

फडके सोडल्यावर काही दाणे खडे असावेत तसे टणक राहिलेले दिसतात. त्यांना गणंग किंवा कुचर म्हणतात. त्यांचे टरफल पाणी आत शिरू देत नाही, त्यामुळे ते ना फुगतात, ना रुजतात. मटकीत ते हमखास असतात आणि शिजल्यावरही दाताखाली येतात, तेव्हा भिजवून झाल्यावर हात फिरवून वेचून काढणे हाच उपाय. सगळेच कडधान्य शिजायला कुरकुर करत असेल तर दोष बहुधा साठवणीचा असतो. उष्ण, दमट जागेत फार दिवस पडून राहिलेले कडधान्य कितीही भिजवले तरी नीट मऊ होत नाही.

वालाची गोष्ट वेगळी. रायगडात भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कडव्या वालाचे पीक घेतात. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साले सुटी होतात, मग एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. बिरड्यासाठी, म्हणजे या सोललेल्या वालाच्या उसळीसाठी, घरातल्या दोघी-तिघी मिळून बसतात, आणि श्रावणात हे काम वरचेवर निघते. सोललेले दाणे, म्हणजे डाळिंब्या, नाजूक असतात. पळीने ढवळल्या तर मोडतात, म्हणून पातेलेच हलक्या हाताने हलवतात.

उसळ शिजवताना क्रम चुकला की दाणा दाठर राहतो. दाण्याच्या पेशी एकमेकींना जोडून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात सहजी विरघळत नाही. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी पडला की कडधान्य अडून बसते, ते यामुळे. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियमही हेच करते. मीठ मात्र उगाच बदनाम झाले आहे. अख्खा राजमा किंवा छोले भिजवताना पाण्यात चिमूटभर मीठ घातले तर टरफल उलट मऊ होते. मोड आणायचे असतील तेव्हा मात्र मीठ घालू नये, खारट पाण्यात बी रुजत नाही. खाण्याच्या सोड्याने कडधान्य झटपट शिजते खरे, पण त्यातले थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट होते. घरच्या उसळीला त्याची गरज नाही.

मोड आलेल्या मटकीला कुकरही लागत नाही. तीन शिट्ट्यांत तिचा लगदा होतो. पातेल्यात तेल तापवून मोहरी, हिंग आणि हळदीची फोडणी करावी, तीत मटकी दोन मिनिटे परतावी आणि ती जेमतेम बुडेल इतके गरम पाणी घालावे. वर खोलगट ताट झाकून त्या ताटात पाणी ओतावे. ही जुनी युक्ती दुहेरी कामाची आहे: ताट वाफेपेक्षा थंड राहिल्याने आतली वाफ पाणी होऊन परत पातेल्यात पडते, आणि उसळ आटू लागली तर घालायला ताटातले गरम पाणी हाताशी असते. दहा-बारा मिनिटांनी एक दाणा काढून बोटाने दाबून पाहावा. तो चेपला पण फुटून पीठ झाला नाही, की मीठ, गोडा मसाला, गूळ आणि आमसूल घालून एक उकळी आणावी. ओले खोबरे आणि कोथिंबीर उतरवल्यावर.

अलीकडे कच्चे मोड वाटीत घेऊन काकडी-टोमॅटोबरोबर खाण्याची पद्धत आरोग्यदायी म्हणून रुजली आहे. तिच्याकडे सावधपणे पाहायला हवे. मोड यायला लागणारा ओलावा आणि ऊब जिवाणूंनाही तितकीच मानवते, आणि बियावरच जिवाणू असतील तर वरवर धुऊन ते जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या साथीत सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तिचा माग मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत लागला. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे मोड टाळावेत. इतरांनीही निदान चांगली वाफ काढावी. दाणा कुरकुरीत राहतो आणि धोकाही घटतो. राजमा तर, मग तो कोरेगावचा वाघ्या घेवडा का असेना, कच्चा किंवा अर्धकच्चा कधीच खाऊ नये. त्यातल्या लेक्टिनने मळमळ आणि उलट्या होतात. निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावरच ते निष्प्रभ होते. या हिशेबाने शिजवलेली उसळ कच्च्या मोडांच्या वाटीपेक्षा सरस ठरते.

रोज किती खावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहारात डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम धरली आहेत, तीही कोरडी, न शिजवलेली. ३० ग्रॅम कोरडी मटकी मोड येऊन शिजली की लहानशी वाटी भरते. म्हणजे एका वेळी उसळ आणि दुसऱ्या वेळी वरण एवढ्याने शाकाहारी माणसाचा हिशेब पुरा होत नाही. दोन्ही वाट्या जरा मोठ्याच हव्यात. उसळीबरोबर भाकरी, पोळी किंवा भात असावा. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते ते कडधान्यात भरपूर असते, आणि कडधान्यात मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडते ते धान्य पुरवते. मिसळीत मटकी असते हे खरे, पण तर्रीचे तेल, वरचे फरसाण आणि मैद्याचा पाव धरला तर तिला रोजच्या उसळीच्या रांगेत बसवता येत नाही.

वाढताना उसळीवर लिंबू पिळावे. शिजताना गेलेले क जीवनसत्त्व त्याने थोडे परत मिळते आणि कडधान्यातले लोह शोषले जायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातली टॅनिने हेच लोह अडवतात, म्हणून मध्ये तासाभराचे अंतर ठेवावे. उरलेले कच्चे मोड कोरड्या डब्यात, फ्रीजमध्ये, फार तर दोन-तीन दिवस टिकतात. हाताला बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला, तर धुऊन वापरण्याच्या मोहात न पडता टाकून द्यावेत.