तारीख उलटली, पण कोणती?

पहिलटकरणीला दिलेली तारीख उलटली की बडोद्यातल्या मराठी घरांत फोन सुरू होतात. अलकापुरीतली नात नववा संपवून बसलेली, आणि दांडिया बाजारातून आजी विचारतात, "नऊ महिने नऊ दिवस झाले की गं, अजून कळा कशा नाहीत?"

मुळात ती तारीख म्हणजे मुदत नव्हे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून काढलेला तो अंदाज आहे. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. 41 आठवडे पूर्ण झाले की डॉक्टर सावध होतात. 42 उलटले की मगच खऱ्या अर्थानं 'दिवस वर गेले'.

पण मोजणीच चुकलेली असेल तर? फाइलमधल्या प्रत्येक सोनोग्राफीवर वेगळी तारीख छापलेली असते आणि घरचे सगळ्यात ताजी धरतात. हे उलटं आहे. विश्वासाची तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची. शेवटच्या महिन्यांत मशीन बाळाच्या मापावरून वय ठरवतं, म्हणून तिथे दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते. पाळी तिथीवर लक्षात ठेवणाऱ्यांना अधिक महिनाही चकवतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ. नुसत्या महिन्यांच्या नावांवरून मोजलं तर एक महिना कमी भरतो आणि दिवस भरलेली बाई 'अजून अवकाश आहे' म्हणून घरी थांबते.

"बाळ यायचं तेव्हा येईल, थांबल्यानं काय बिघडतं?" बिघडू शकतं. वार थकत जाते, गर्भजल कमी होतं, बाळ पोटातच शी करतं आणि ती श्वासात जाण्याचा धोका असतो. बाळ मोठं झालं तर आईच्या कळा लांबतात, टाके वाढतात, रक्तस्राव जास्त होतो. दीड कोटी गर्भारपणांच्या एकत्रित अभ्यासात पोटात बाळ दगावण्याचा धोका 37व्या आठवड्याला दहा हजारांत एक, तर 42व्याला हजारी तीन दिसला. म्हणजे बहुतेक बाळं सुखरूपच येतात, पण धोका वाढतो हे खरं.

"कळा आणल्या की सिझर ठरलेलंच" हा समज सगळ्यात चिवट. स्वीडनमध्ये 2,760 बायकांचा अभ्यास झाला. निम्म्यांना 41 आठवड्यांना कळा आणल्या, बाकीच्यांना 42पर्यंत थांबवलं. सिझरचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, मात्र थांबलेल्यांतली सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटातलं एकही नाही. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनाही 41 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणण्याची शिफारस करते. आधीचं सिझर, मधुमेह किंवा वाढलेलं बीपी असेल तर हिशेब वेगळा; तिथे 41ची वाटही पाहत नाहीत.

कळा आणायच्या घरगुती उपायांपैकी एरंडेलानं जुलाब मात्र नक्की होतात. तुपानं वाट निसरडी होत नाही, वजन वाढतं. चालणं चांगलंच, पण त्यानं कळा येतातच असं नाही. तपासताना डॉक्टर गर्भपिशवीच्या तोंडाशी बोट फिरवतात, त्याचा थोडाफार उपयोग होतो.

"शेवटी जागा उरत नाही, म्हणून बाळ कमी हलतं" हे मात्र कुणाचंही ऐकू नका. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण ती मंदावता कामा नये. मंदावली वाटली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, नाव घातलेला दवाखाना गाठायचा. तो लांब असेल तर सयाजी रुग्णालय आहे, आणि गाडी नसेल तर 108.